बोंडीला मोटारीतून नेलं तेव्हा

मी एक म्हातारी, अर्ध्या कानाची मांजर आहे. मित्रांनो, वय झालं की राग निवतो असं म्हणतात. माझा काही निवलेला नाही. तो कशावरून पेटला आणि अजून का धुमसतो, ते आज तुम्हांला सांगून टाकते.

शहाद्याजवळच्या कळसाडी गावात, चुडामण पाटलांच्या कापसाच्या खोलीत माझा जन्म झाला. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मोटार दिसली की अख्खं गाव रस्त्यावर यायचं. मी पांढरीशुभ्र, म्हणून पाटलांच्या बायकोने, जमनाबाईने, कापसाच्या बोंडावरून माझं नाव बोंडी ठेवलं. त्या घरचं दूध मी फुकट प्यायले नाही. धान्याच्या कणग्या असोत की सरकीचा ढीग, उंदरांना मी डोकं वर काढू दिलं नाही. दाणा टिकतो तो माझ्यामुळे, असं चुडामण आल्यागेल्याला सांगायचे, "मन्ही बोंडी शे म्हनीसन दाना टिकस." ओट्यावर बसले की मला मांडीवर घ्यायचे. मलाही ते आवडायचं, हे कबूल करते.

एका हिवाळ्यात त्यांची लेक गजराबाई बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगा झाला. फाल्गुन लागता लागता मीही व्याले, तिच्याच बाजेखाली, जुन्या गोधडीवर. तीन पिलं झाली. वर ती बाळाला पाजायची, खाली मी माझ्यांना पाजायचे, आणि जमनाबाई दोघींनाही खाऊ घालायची. ते दिवस फार सुखाचे होते.

पण गल्लीत एक दांडगा बोका होता. बोका पिलं खातो, हे तुम्हांला ठाऊक असेलच. म्हणून तर आम्ही पिलांना सात घरं फिरवतो. त्या दिवशी पहाटे तो खिडकीत येऊन बसलेला दिसला आणि माझा जीव उडाला. एकेकाला मानेला धरून मी मागच्या खोलीत नेलं. तिथे बांबूची मोठी कणगी रिकामी होती. शेणाने सारवलेली, आत ऊबदार अंधार. तळाशी पडलेल्या गोणपाटावर तिघांना निजवलं. त्यांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते.

नेमकी त्याच दिवशी गजराबाई सासरी, अक्कलकुव्याला, निघायची होती. तिच्या सासरी उंदरांचा सुळसुळाट. चुडामणांच्या मनात आलं, लेकीबरोबर बोंडीला द्यावं. त्यांनी वाकून बाजेखाली पाहिलं. गोधडी रिकामी. तेवढ्यावर त्यांनी निकाल देऊन टाकला, "बोक्यानी पिलं खाई टाकात. आते ती मोकयी शे."

जमनाबाई म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या तिले. दोन दिन बाद धाडा."

"आनि उंदरे बाळले चावतीन, मग काय करशी?" चुडामण म्हणाले, आणि त्याच हातांनी, ज्या हातांनी रोज माझी पाठ कुरवाळायचे, त्यांनी मला पोत्यात कोंबलं. पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं. मग पोतं हवेत गरागरा फिरवलं. आमच्याकडची रीतच आहे ती. मांजराला दिशा कळू नये आणि ते परत येऊ नये, म्हणून फिरवतात. आपल्याच घरची वाट विसरायला लावतात, आणि वर त्याला रीत म्हणतात!

भाड्याची मोटार दारात उभी होती. ती चालवणारा रतिलाल नंदुरबारचा गुजराती. पोत्यातून मांजराचा आवाज ऐकताच तो ओरडला, "बिलाडी मोटरमा? आ तो अपशकुन छे!" चुडामणांनी त्याला कसंबसं गप्प केलं. गजराबाईची ओटी भरली गेली, बाळाला काजळाची तीट लागली. आणि मोटार सुरू होता होता, लेकीला पोचवायला आत बसलेल्या चुडामणांनी आपल्या धाकट्या भावाला हाक मारली, "लोटन, सांजले मांगली कणगीमा नवी ज्वारी वती टाकजो!"

मी ते ऐकलं. मित्रांनो, माझी पिलं जिथे झोपली होती, तिथे संध्याकाळी ज्वारी ओतणार होते!

मी किंचाळले. पोतं फाडायला नखं मारली. बाहेर मंडळी काय म्हणाली असतील? "मोटरले भ्याई ऱ्हायनी." मी मोटारीला भ्यायले! पोत्यात पेट्रोलचा वास भरला होता, उन्हाने ते तापलं होतं, श्वास घेतला की नाकात तागाचे तंतू जात होते. तरी भीती कसली? रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती. मी ओरडून ओरडून सांगत होते आणि समोर बसलेला माझा धनी पोत्यावर काठीने टोचून म्हणत होता, "चूप बस, बोंडी!"

शहादा मागे गेलं. खडखडाट, धूळ, पुन्हा खडखडाट. माझा घसा बसला तरी मी थांबले नाही.

तळोद्याच्या अलीकडे बाळ भुकेने रडू लागलं. गजराबाईने त्याला पदराखाली घेतलं. त्याचं रडणं कानावर पडलं आणि मलाही पान्हा फुटला. पोतं ओलं झालं, ओल बैठकीवर उतरली. रतिलालने मागे पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. "मुतनी ना बिलाडी! फेका तिले जंगलमा!"

गजराबाईने बोटाने ती ओल पाहिली, नाकाशी नेली.

"हाई मूत नही, आबा. दूध शे. पिलं कोठे शेत?"

"बोक्यानी खादात. बाजखाले काहीच नव्हतं."

"रगत दिसनं का तुमले? केस पडेल व्हतात?"

चुडामणांनी आठवून पाहिलं. मग म्हणाले, "नही."

"मग तिनी जागा बदली व्हई. घरमा सुनी जागा कोनती शे, आबा?"

 मग चुडामणांचा आवाज आला, पार खाली गेलेला. "कणगी."

"मोटार फिरवा," गजराबाई म्हणाली.

आता तरी फिरवावी ना? पण नाही! चुडामणांना रीत आठवली. "ओटी भरीसन निघेल लेक त्याच दिनले माहेरना उंबरा चढत नही, बेटा. तुन्हा संसारले वाईट."

गजराबाईने दूध पिणारं बाळ अंगापासून दूर केलं आणि त्यांच्यापुढे धरलं. बाळाने टाहो फोडला. "ह्याले कणगीमा टाकीसन वरथून ज्वारी वता, आबा. मग मी सासरले जास." "मी उंबरा चढत नही. आंगणमा उभी ऱ्हासू. पण मोटार फिरवा!"

मोटार फिरली. तिने सुतळी सोडली आणि मला बाळाशेजारी मांडीवर घेतलं. सगळ्या वाटेत मी तिला एकदाही ओरबाडलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. गजराबाई बोलल्याप्रमाणे अंगणातच थांबली. मी उडी मारून मागच्या खोलीत गेले. लोटन ज्वारीची पाटी खांद्यावरून ओतत होता. काही पाट्या आधीच ओतून झाल्या होत्या. मी कणगीत झेप घेतली आणि दाणे उकरू लागले. "थांब, लोटन, थांब!" करत चुडामण आले, आत वाकले, कोपरापर्यंत हात घालून उपसू लागले. एक पिलू निघालं, शिंकलं. दुसरं निघालं, त्याला जमनाबाईने चोळचोळून जागं केलं. तिसऱ्याच्या नाकातोंडात दाणे गेले होते. मी त्याला रात्रभर चाटलं, पण ते हललं नाही.

चुडामण माझ्यापुढे रडले. नंतर कितीतरी दिवस साय घालून दूध ठेवत. दूध मी प्यायले, पिलांसाठी. त्यांच्या मांडीवर पुन्हा बसले नाही.

मित्रांनो, आम्हांला कुठे न्यायचंच असेल तर न्या. हवेशीर टोपलीत न्या, आमच्या वासाचं फडकं खाली घाला, वाटेत पाणी पाजा. पण उचलण्याआधी आमच्या मागे कोण राहतंय ते पाहा. रिकामी जागा दिसली म्हणून कुणी नाहीच असं धरून चालू नका. आणि आम्ही ओरडलो तर काठीने टोचू नका, काय म्हणतोय ते ऐका.

एवढं सांगूनही माझा राग का जात नाही, तेही ऐका. आजही कळसाडीत ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. चुडामण पाटलांचं काळीज किती मोठं, एका मांजरीपायी तळोद्याहून मोटार फिरवली आणि तिची दोन्ही पिलं वाचवली, असं म्हणतात. ऐकणारे माना डोलवतात. मी ओट्याखाली बसून ऐकते.

दोन्ही नाही, मित्रांनो. माझी तीन होती.