कुरणाची माती

प्लास्टिकच्या पिशवीला आतून घाम फुटला होता... एक थेंब गाठीपाशी अडकलेला, पडेना, आटेना... आणि बसवंत त्याच्याकडेच बघत राहिला, कारण माती तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या टेबलापलीकडे गुणामाय उभी होती, आणि तिच्या तोंडाकडे त्याला बघवत नव्हतं.

"वल्ल्या फडक्यात गुंडाळून आनली, लेकरा. तूच म्हनला व्हतास, थंड ठिवावी लागती."

हो, मीच म्हणालो होतो. मातीतलं अमोनियम, म्हणजे पिकाला मिळणारं नत्र, मोजायचं तर माती ताजी हवी, बर्फात हवी. उबेला बंद पिशवीत राहिली की आतले जीवजंतू कामाला लागतात आणि आकडा फुगतो — हे औशाजवळच्या तिच्या गावात, तिच्या कुरणातून सहा ठिकाणची माती काढताना, गेल्या आश्विनात, मीच सांगितलं होतं. आणि निघालो तर देवळात सप्ताह. मृदंगावर थाप पडली. एक अभंग ऐकून निघू म्हटलं... महाराजांनी असा काही सूर लावला की दोन तास कुठे गेले कळलं नाही, मग पंगत, मग कुणीतरी हातात टाळ दिले. मातीच्या पिशव्या गाडीच्या डिकीत होत्या, आणि डिकी उन्हात तापत होती. देवाच्या दारात कसलं वाईट होतंय, असंच मनात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आकडा आला नेहमीच्या तिप्पट. "अवो, ही माती हाय का उकिरडा? दुसरी आना," शेजारच्या टेबलावरचा सहकारी मुनीब म्हणाला होता. पण दुसरी आणायची तर पहिली कुठे राहिली ते सांगावं लागलं असतं. त्याने कागदावर लिहिलं — जमीन सुपीक, नत्राच्या खताची गरज नाही.

त्या कागदाच्या भरवशावर तिने कुरण नांगरलं.

"जवारी गुडघ्याला आली अन् पिवळी पडली. पार हळदीवानी. माझा ल्योक संगमेश्वर म्हनतो, युरिया टाकू. म्या म्हनलं, थांब, बसवंतानं लिहून दिलंय."

"आणि त्या दोन म्हशी?" बसवंतने विचारलं.

"एक इकली. चरायला कुरण कुठं ऱ्हायलं? दुसरी हाय, कडब्याच्या आशेवर."

नांगरलेल्या गवताची मुळं कुजू लागली की ती कुजवणारे जीवजंतूच आधी अमोनियम खातात, उरलंसुरलं काळी चिकणमाती आपल्या थरांत आवळून धरते, पिकाच्या तोंडी काही पडत नाही — पहिल्याच वर्षी तर खत द्यायला हवं होतं. पाणी असेल तर खत द्यायला अजून आठवडाभर वेळ होता. "युरिया टाका, माय, आजच टाका," तो म्हणाला आणि पिशवीची गाठ सोडू लागला. नवा आकडा कमीच येईल. कुरण मोडलं म्हणून कमी झाला, म्हणता येईल. कुणी शंकाही घेणार नाही, जुना कागद त्याखाली गुपचूप झाकला जाईल...

"माय," मुनीब मान वर न करता म्हणाला, "गेल्या खेपेची माती कशी आनली व्हती, इचारा की यान्ला."

गुणामाय बोळक्या तोंडाने हसली. "त्याला काय इचारायचं? सप्त्यात माझ्या म्होरंच तर बसला व्हता. घळाघळा रडून राहिला व्हता लेकरू. असं रडनारं मानूस खोटं लिहील व्हय रे?"

ती भिंतीला टेकून खालीच बसली. "तू कर तुझं. म्या बसते."

रडलो होतो, खरंच. पण कशावर? कोणत्या चरणावर? बसवंत आठवू लागला, आणि त्याला चरण आठवेना, महाराजांचा आवाजही आठवेना. आठवली फक्त मंडपाची सावली — ती हळूहळू सरकत गाडीवरून उतरली होती, आणि डोळ्यांना धार लागलेली असताना आपण ती बघत होतो, डिकी उन्हात येऊन किती वेळ झाला ते मोजत होतो, आणि उठलो नव्हतो. अश्रू तर खोटे नव्हते, आणि तरी लिहिलं ते खोटंच. मुनीब आता मान वर करून त्याच्याकडे बघत होता, गुणामायने डोळे मिटले होते, तिच्या ओठांवर नाम चाललं होतं, आणि बसवंतला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या रडण्याची भीती वाटली.