तारेवर उरलेला एक

मी एक जुना विंडचीटर आहे. माणसं मला जर्किन म्हणतात. मित्रांनो, आपली गोष्ट क्रमानं सांगायची असते, आधी जन्म आणि मग कामाची वर्षं. मी तसा प्रयत्न करीन. पण एक सकाळ सारखी मध्ये घुसते. त्या सकाळी आम्ही अकरा विंडचीटर काटेरी तारेवर टांगलेले होतो आणि आमची माणसं पळत पुढे गेली होती.

तर, जन्म.

शहरातल्या किराडपुऱ्यात अख्तरीबाजींच्या शिलाई मशीनवर मी शिवला गेलो. बाहेरून वारा अडवणारं नारिंगी कापड, आतून मऊ, उबदार अस्तर. छातीवर क्लबचं नाव, 'पहाटपावलं'. पाठीवर खर्च उचलणाऱ्यांची नावं. एक पाण्याचा टँकरवाला आणि दुसरी 'तुषारगंध पार्क' ही शेतं घेऊन प्लॉट पाडणारी कंपनी. शेवटचा धागा दातानं तोडत बाजी म्हणाल्या, "पूरा शहर पानी के पीछे भाग रहा, और ये लोगां जर्किन पहन के खाली-पीली भाग रहे!"

मी नवा होतो. मला वाटलं, ही माझी स्तुतीच आहे.

तारेवर नऊ.

दोघं परत आले. आपापला विंडचीटर झटकून अंगात घातला आणि निघून गेले.

हे तारेचं काय, ते सांगायला हवं. साल २०१८, डिसेंबर महिना. पाऊस दगा देऊन गेला होता आणि थंडी मात्र हाडांपर्यंत शिरत होती. क्लब शहराबाहेर देवळाईच्या बाजूला पळायचा. तिकडे शेतांचे प्लॉट होत होते. दोन किलोमीटरनंतर अंग तापलं की सगळे आम्हाला एका कुंपणाच्या तारेवर टांगायचे आणि येताना उचलायचे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर सर्जेरावकाका तिथंच उभे राहून आम्हाला मोजायचे. "जर्किन राहिलं म्हणजे माणूस राहिलं," ते म्हणायचे. तार रिकामी झाल्याशिवाय ते हलत नसत.

क्लबची आणखी एक रीत होती. एखादी बाई पळता पळता थांबली, तर पुरुषांनी मागे वळून बघायचं नाही. त्या रस्त्यावर बायकांसाठी कसलीच सोय नव्हती. आडोशालाच जावं लागे. रीत चांगली होती. मला आजही ती वाईट म्हणवत नाही.

तारेवर पाच.

माझी मालकीण सत्यभामाताई. माहेर सोयगावकडचं, मेंढरं राखणारं. वय त्रेचाळीस. पोरी विचारायच्या, "काकू, तुम्ही दमत कशा नाही?" ताई म्हणायच्या, "मेंढरामागं पळून बघा एकदा. मेंढरू काय सेल्फीला थांबत नाय." त्या मला रोज रात्री झटकायच्या आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवायच्या. घरात पाणी मोजूनमापून होतं, तरी महिन्यातून एकदा अर्धी बादली माझ्या वाट्याला यायची. ते माझे सुखाचे दिवस. त्याबद्दल मला पुष्कळ—

तारेवर एक.

तो मी.

मित्रांनो, वाऱ्यात माझ्या बाह्या हलत होत्या. रस्त्याकडे बघून मी वाट पाहत होतो. ताई कधीच शेवटच्या नसत. आज काका नव्हते. त्यांचा गुडघा सुजला होता. त्यांच्या जागी तन्वीर होता, क्लबमधला नवा, मनानं भला माणूस. त्याच्यासोबत कॉलेजात शिकणारी दिपाली होती.

"हे कुणाचं राहिलं?" तन्वीर म्हणाला.

दिपालीनं कॉलर उलटून आतलं नाव बघितलं. "सत्यभामाकाकूंचं. आज त्यांच्या गल्लीत सात वाजता टँकर येणार हाय. घाईत आडवाटेनं गेल्या असतील."

"अरे यार, इतक्या थंडीत? चल, गाडीत टाक. देऊ घरी."

आणि त्यानं मला उचललं.

नको! मला तारेवरच राहू द्या! मी तिथं होतो म्हणून तर कळत होतं की ताई आल्या नाहीत. तन्वीरनं माझी नीट घडी घातली. इतक्या प्रेमानं घडी घातली, की मला ओरडावंसं वाटलं. गाडीचा दरवाजा लागला. मागच्या काचेतून तार दिसली. ती रिकामी होती. आता कुणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, सगळे सुखरूप घरी गेले.

गाडी बीड बायपासला लागली. इतक्यात माझ्या खिशात थरथर झाली. ताईंचा फोन माझ्यातच होता. दिपालीनं तो काढून कानाला लावला. पलीकडे ताईंच्या सासूबाई होत्या, सखूबाई. आवाज गाडीभर घुमला.

"सत्यभामे! टँकर येऊन उभा हाय, ड्रम तसेच रिकामे! कुठं मेलीस गं?"

दिपालीचा हात खाली आला. "तन्वीरदादा," ती हळूच म्हणाली, "काकू घरी नाहीत."

तन्वीरनं गाडी वळवली.

तारेपासून पुढे दोघं हाका मारत चालले. मी तन्वीरच्या खांद्यावर होतो. प्लॉटचे पांढरे दगड, वाळलेली तुरीची ओळ, पुन्हा दगड. "ताई! ओ सत्यभामाताई!" उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही. पुढे झुडपांमागं जमीन एकदम संपली होती. शेताची जुनी विहीर. पाणी आटलेलं, कठड्याचे दगड काढून माझ्या पाठीवरच्या त्याच कंपनीनं आपल्या कमानीला लावलेले, आणि अर्ध्यापर्यंत मुरूम टाकून तशीच उघडी सोडलेली.

आतून बारीक आवाज आला. "कोण हाय?"

"ताई, मी! तन्वीर!"

"आडोशाला आले नि आत पडले. पाय मोडलाय रे बाबा. हाका मारून घसा बसला. लई गारठलेय. जर्किन हाय का माझं?"

तन्वीरनं मला काठावरून सोडलं. मी आयुष्यात कधी इतका घाबरलो नव्हतो. खाली काळोख होता आणि मला हात नाहीत, नुसत्या बाह्या आहेत. मग दोन बर्फासारखे हात माझ्यात शिरले. ताईंचे दात वाजत होते. ऊब मी तयार करू शकत नाही, असलेली फक्त धरून ठेवतो. त्यांच्यात फार थोडी उरली होती. तेवढी मी धरून ठेवली. बांधकामावरच्या मजुरांनी शिडी आणेपर्यंत धरून ठेवली.

"टँकर गेला का?" वर येताना ताईंनी विचारलं.

दिपाली रडत होती. "काकू, गप बसा ना!"

ताईंचा पाय चार महिन्यांनी बरा झाला. मी त्या विहिरीत पाठीवर फाटलो. कंपनीच्या नावाचा अर्धा भाग तिथंच राहिला. मला शिवायला टाकताना, तो परत छापू नका, असं ताईंनी सांगितलं.

मित्रांनो, मला धुवा, उन्हात वाळवा, असं मी मागू शकलो असतो. ते नाही केलंत तरी चालेल. एवढंच करा. कुठे एखादी चप्पल, एखादी पिशवी, एखादा विंडचीटर एकटा राहिलेला दिसला, तर भलेपणानं उचलून नेऊ नका. आधी ज्याचा आहे त्याला हाक मारा. मोठ्यानं मारा. उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.