सुनेच्या मनगटावरचा पट्टा

मोठ्याबाईंना आळशी म्हणायची आजवर कुणाची टाप नव्हती. जिन्यात त्या उभ्या राहिल्या की वरून उतरणारा माणूस मुकाट्याने कडेला सरकायचा, आणि भाजीवाला त्यांना शिळा पाला द्यायला धजायचा नाही. अशा बाईला दवाखान्यातल्या एका पोरीने हातात रंगीत कागद देऊन, चार बायकांत, अगदी गोड आवाजात सांगावं की आजी, तुम्ही दिवसभर बसूनच असता हो.

एक तर आजी. त्यात बसून.

झालं होतं असं, की दवाखान्यातल्या संशोधनवाल्यांनी साठीच्या पुढच्या बायकांच्या मनगटावर एकेक पट्टा बांधला होता. घड्याळासारखा, पण काटे नाहीत, आकडे नाहीत. माणूस हलतो किती, बसतो किती, नाडी कशी चालते, झोप कशी लागते, सगळं तो आतल्या आत टिपून ठेवायचा. शिवाय काय खाल्लं ते फोनवर विचारायचे आणि अधूनमधून वजनकाट्यावर उभं करायचे. उतारवयात शरीर कशाने टिकतं आणि कशाने मोडतं, ते त्यांना शोधायचं होतं. पट्टा बांधून घेताना मोठ्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "माझा पट्टा जरा मजबूत दे बाई. मी पहाटेपासून उभी असते."

कागदावर हलणं लाल रंगात होतं आणि बसणं निळ्या. ज्याचा कागद त्याच्या हातात दिला होता, पण बायकांत कागद झाकून राहतो होय? समोरच्या घरातल्या शिंपीणबाईंनी मान लांब करून बघितलंच.

"अगंबाई, तुमचं सगळं निळंच की. जसं काही आभाळ उतरलंय कागदावर."

बायका हसल्या. मोठ्याबाईही हसल्या, पण कान गरम झाले. दवाखाना ते घर हे अंतर त्या दिवशी त्यांना संपता संपेना.

खरं सांगायचं तर आपण बसतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गुडघा धरल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीतून त्या घर चालवत होत्या. तिथूनच दूध उतू जाताना दिसायचं, तिथूनच सुनेला हाक जायची, तिथूनच जमिनीवरचा डाग दाखवला जायचा. संध्याकाळ झाली की त्या दमायच्याही, खोटं नाही. आपल्या देखत झालेलं काम म्हणजे आपणच केलेलं काम, असा त्यांचा हिशेब, आणि तो त्यांनी कधी कुणाशी ताडून पाहिला नव्हता.

घरी आल्या त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या. सून भांडी घासत होती.

"हात कर पुढे."

"ओला आहे, आई."

"मग पूस आणि कर."

सुनेने हात पुसला. मोठ्याबाईंनी आपल्या मनगटावरचा पट्टा सोडून तिच्या मनगटावर चढवला. मनगट एवढंसं, पट्टा अगदी शेवटच्या भोकात बसवावा लागला.

"हा काढायचा नाही म्हणाल्या होत्या ना त्या मॅडम?"

"त्यांना काय मोजायचंय? काम. काम होतं कुठे? घरात. आणि घर कुणाचं?"

"तुमचं."

"मग झालं तर."

सुनेने पट्ट्याकडे पाहिलं. ती फारशी बोलायची नाही, पण बोलली की नेमकं बोलायची. "आणि फोनवर खाल्लेलं विचारतात, ते कुणाचं सांगायचं?"

"माझं. खाते मी तर सांगणारही मीच. फार डोकं नको चालवूस, नळ चालू राहिलाय."

पुढचा कागद आला तो लालभडक. बायका एकमेकींच्या खांद्यावरून बघायला लागल्या. शिंपीणबाईंचं तोंड कडू झालं. "गुडघा बरा झाला वाटतं एकदम," एवढंच त्या म्हणाल्या. मोठ्याबाई नुसत्या मंद हसल्या, जिंकलेल्या माणसाने हसावं तशा.

पण घरी आल्यावर त्यांनी तो कागद नीट पाहिला आणि त्यांना काही बरं वाटेना. त्या स्वतः अंथरुणात असतात तेव्हाच लाल सुरू झालं होतं. दुपारी त्यांचा डोळा लागतो तेव्हाही लालच. रात्री सगळं घर आडवं झाल्यावरसुद्धा एक लाल उंचवटा. जेवणाच्या वेळेला तरी निळं असेल म्हणून त्या शोधायला लागल्या. सापडेना. त्यांनी कागदाची घडी केली आणि गादीखाली सारली. दाखवायचं त्यांना दाखवून झालं होतं, आता कशाला चाळत बसायचं.

दोन-तीन कागद असेच लाल आले. आणि एका संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. संशोधनवाली पोर स्वतः आली होती.

मोठ्याबाईंची जी काही धांदल उडाली. खुर्चीतून उठून त्या कधी नव्हे त्या झपाट्याने आत गेल्या, सुनेच्या हातचा पट्टा ओढून काढला आणि आपल्या मनगटावर चढवायला लागल्या. पण पट्टा एकाच भोकात राहून राहून तसाच वळला होता. तो बसेना, तशी त्यांनी मनगटावर नुसता पांघरला आणि वर दुसरा हात ठेवून बाहेर येऊन बसल्या. लेक नुकताच कामावरून आला होता, पायातले बूट काढत होता.

"आजी, तुम्ही आमच्या सरांची झोप उडवलीत," पोर म्हणाली.

"मी काय केलं बाई?"

"तुम्ही खाता भरपूर. दोन्ही वेळचं भरलं ताट, वर दूध, वर गोड बिस्किटं. बरं, राबता त्याच्या दुप्पट. असं शरीर वाळायला हवं, आणि तुमचं वजन वाढतंय. सरांनी काटा दोनदा तपासून घेतला. ते म्हणतात, या बाईंच्या शरीरात काहीतरी नवीनच सापडतंय. आता सगळीकडे तुमच्याबद्दलच सांगतात."

शिंपिणीला दाखवायचा कागद, तो पार मोठ्या सरांपर्यंत जाऊन बसला होता.

"पण मी आले ते वेगळ्यासाठी." पोरीने पिशवीतून कागद काढून टेबलावर पसरला आणि लेकाकडे वळली. "ही यांची नाडी. झोपल्यावर नाडी खाली यायला पाहिजे. यांची येत नाही. माणूस निजलंय आणि नाडी जिने चढल्यासारखी चाललीय. हे ताबडतोब तपासायला हवं. आणि रागावू नका, पण या वयाच्या बाईला घरात इतकं काम? हे बघा, जेवायलासुद्धा बसत नाहीत त्या."

लेकाचा चेहरा उतरला. त्याने कागदावरून बोट फिरवलं, आईकडे पाहिलं, आणि मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे वळला.

"मी बाहेर असतो तेव्हा आईला राबवतेस तू? दिवसभर असतेस तरी कशात?"

हे शेवटचं वाक्य त्याचं नव्हतं. मोठ्याबाईंचं होतं. त्याच त्या सुरात, त्याच झटक्यात. इतकी वर्षं त्यांनी ते सुनेच्या अंगावर फेकलं होतं. लेकाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं, आणि ते कसं लागतं ते कळलं.

सुनेने फक्त बाही खाली ओढली. मनगटावर पट्ट्याचा फिकट वळ उठला होता, तो तिने झाकला. मग म्हणाली, "चुकलं माझं."

मोठ्याबाईंना वाटलं, हिने बोंब मारली असती तर बरं झालं असतं. तिने ओरडून सांगितलं असतं तर उलट ओरडता तरी आलं असतं.

तेवढ्यात उघड्या दारात शिंपीणबाई येऊन उभ्या. "सुई आहे का एखादी? माझी हरवली," म्हणाल्या. कपडे शिवणारीला सुई नाही. पण त्या वेळी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आजी, हात बघू," म्हणत पोर खाली बसली आणि तिने मोठ्याबाईंचा वरचा हात बाजूला केला. पट्टा गळून मांडीवर पडला. पोरीने तो उचलला, वळलेल्या भोकात अडकवून पाहिला. चांगली चार बोटं कमी पडत होती. ती एकदम गंभीर झाली. अंगठ्याने मनगट दाबून पाहू लागली. "इतका बारीक बसायचा, आणि आज पुरत नाही? सूज दिसतेय. हृदयाचंच असणार. मी आत्ता फोन करते."

लेक तसाच येऊन पायाशी बसला. "आई, सांगितलं का नाहीस?"

आता बघा, वाट अगदी मोकळी होती. मोठ्याबाईंनी नुसता एक सुस्कारा सोडायचा होता. कष्टाळू आई, सोसणारी आई, हात सुजेपर्यंत राबणारी आई. शिंपीणसुद्धा दारात डोळे बारीक करून हळहळायच्या तयारीत होती. जन्मभर हवा असलेला मान समोर वाढून ठेवला होता, आणि सून तोंड उघडणार नव्हती हे मोठ्याबाईंना पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक होतं म्हणूनच घास गिळवेना.

"सूज नाही ती," त्या म्हणाल्या. "तो हात माझा नव्हताच."

"म्हणजे?"

"पट्टा माझा. हात माझा नाही."

पोरीला कळायला वेळ लागला. "मग ही नाडी कुणाची?"

मोठ्याबाईंना बोट दाखवायचं होतं. त्यांचं बोट सुनेकडे उठल्याशिवाय या घरात दिवस मावळला नव्हता. आज ते उठेना. त्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिल्या. शेवटी सूनच पुढे आली आणि तिने बाही वर केली.

पोरीने तिचं मनगट धरलं. मग खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक.

"दम लागतो?"

"लागतो थोडा. जिना चढताना. सगळ्यांनाच लागतो ना?"

लागायचा. पिशव्या घेऊन ती मधल्या वळणावर थांबायची, आणि वरून मोठ्याबाई विचारायच्या, काय, नाटक संपलं का? अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं.

"मग ते लाल लाल सगळं..." शिंपीणबाई दारातून म्हणाल्या.

"सुनेचं," मोठ्याबाई म्हणाल्या. "माझं ते निळंच."

शिंपीणबाई हसल्या असत्या तर मोठ्याबाईंनी सोसलं असतं. त्या हसल्या नाहीत. खाली बघून, सुई न घेताच निघून गेल्या. लेक पायाशी बसला होता तो उठला आणि लांब जाऊन उभा राहिला.

पोर कागद गोळा करायला लागली. रागाने कागद चुरगळत होती, पण बोलली हळूच. "आजी, आमची एवढी मेहनत. सरांना आता मी काय सांगू?"

"सांग, म्हातारी खोटारडी निघाली." आजी म्हणू नकोस असं सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. आईला सांगून गेला नाही, नुसतं दार ओढून घेतलं. मोठ्याबाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. भाजी टाकावी म्हटलं तर कढई सापडेना. ती सापडली तर तेल कुठे? मीठ वरच्या फळीवर होतं आणि तिथे हात पोचवायला खाली एक लाकडी पाट ठेवलेला, मधोमध पाय ठेवून ठेवून झिजलेला. हे घर आपलं, असं त्या सांगत आल्या होत्या, आणि घरातलं मीठ कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं. पाटावर चढताना गुडघ्यातून कळ आली. त्या चढल्या, डबा काढला, आणि उतरायच्या धास्तीत तो कट्ट्याच्या टोकाला ठेवून दिला.

दोघं परत आली. अंगात रक्तच नाही, लेकाने भिंतीकडे बघत सांगितलं. हृदय चांगलं आहे, पण थोड्या रक्तावर सगळं शरीर चालवायचं म्हणून ते रात्रंदिवस पळतंय. औषध, विश्रांती, आणि पोटभर जेवण. वेळेवर, बसून.

सून चपला काढून सवयीने आत वळली.

"बैस," मोठ्याबाई म्हणाल्या. म्हणायचं होतं मऊ, निघालं हुकमासारखं. दुसरा सूर त्यांच्याकडे नव्हता.

सून खुर्चीच्या काठावर टेकली, आत्ता उठायचंय अशी. मोठ्याबाईंनी ताट आणून ठेवलं. भात जास्त शिजला होता, भाजी खालून लागली होती. सून भराभर जेवत होती, जेवताना दाराकडे, चुलीकडे, सगळीकडे बघत होती. मध्येच अर्धी उठली.

"काय हवंय?"

"काही नाही. सवय."

"कशी झालीय भाजी?"

"छान झालीय."

"मीठ पुरे आहे?"

"आहे की. आई, तुम्ही बसा ना, गुडघा दुखत असेल."

मोठ्याबाई बसल्या नाहीत. त्यांना तिच्याकडे बघवतही नव्हतं, म्हणून आत गेल्या. कढईच्या कडेची भाजी बोटाने उचलून तोंडात घातली, आणि त्यांचं लक्ष कट्ट्याच्या टोकाला गेलं. मिठाचा डबा तिथेच होता, झाकणही न उघडलेला.

डबा घेऊन त्या बाहेर आल्या. तोवर सुनेने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं होतं, आणि ते घासायला घेऊन ती उठत होती.