सोंडेची उंची

शिडीवर उभं राहून तिने हत्तीच्या कानामागची पालवी छाटली आणि खाली पडलेल्या पानांकडे न बघता कात्री पुढे सरकवली. कान झाला की मान, मान झाली की सोंड. सोंड मात्र आज छाटायची नव्हती, तोडायची होती.

बागेची शंभर वर्षं भरत आली होती आणि सगळीकडे लगीनघाई चालली होती. घोडेस्वाराच्या पुतळ्याच्या नाकावरचं कबुतरांचं कर्तृत्व खरवडून झालं होतं. बँडस्टँडच्या खांबांना नवा रंग लागला होता, काचघराच्या तडकलेल्या काचा बदलल्या होत्या आणि आजवर नुसत्या गुळण्या करणारं कारंजं चक्क उडायला लागलं होतं. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणावं, तर इथे हत्तीच राहिला होता. तारेच्या सांगाड्यावर झुडूप वाढवून, कातरून केलेला हा हत्ती जुन्या फोटोत सोंड वर करून दिमाखात उभा होता. आताच्या हत्तीची सोंड खाली झुकलेली. बागेतली माणसं त्याला रडका हत्ती म्हणत.

हत्ती बागेचा, पण त्याच्या अंगाला तिच्या वडिलांनी दुसऱ्या कुणाची कात्री लागू दिली नव्हती. त्यामुळे सोंडेचं खापरही त्यांच्याच डोक्यावर फुटायचं. ती रांगत होती तेव्हा एका कडक उन्हाळ्यात जुनी सोंड वाळली, नवी फूट निघाली ती पार खालून, आणि ती वर न्यायचा माळ्याने आळस केला, असं सगळे म्हणत. वडील वाद घालत नसत. "येतेय वर, येतेय," एवढंच म्हणत आणि कात्रीला तेल घालत बसत. गेल्या हिवाळ्यात ते गेले. लेकही याच बागेत माळीण, म्हणून त्यांची पिशवी तिच्याकडे आली, कात्री आली आणि रडका हत्तीही आला.

ती स्वतः रडली नव्हती. दवाखान्यात नाही, घरी नाही. भेटायला आलेल्या बायका आधी कुजबुजल्या, मग तोंडावर म्हणाल्या की पोरीने मन मोकळं करावं. मोकळं करायला आत काही सापडतच नव्हतं. दाढेसाठी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असतो आणि नसतोही, तसे तिचे सगळे दिवस चालले होते.

सकाळी पिशवीतल्या चिंध्या संपल्याचं तिने आईला सांगितलं. फांदी बांधायला वडील सुतळी कधीच वापरत नसत. सुतळीने साल कापते. जुन्या कपड्यांच्या पट्ट्याच लागत. आई आत गेली, वडिलांचा चौकडीचा शर्ट घेऊन आली आणि तिने तो टर्रकन फाडला.

"धुऊन धुऊन मऊ झालाय," आई म्हणाली. "बरा आहे बांधायला."

पट्ट्या पिशवीत टाकताना आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. वाटलं मात्र काहीच नाही.

"चिमणे, खरंच तोडणार?"

तळ्यात होड्या फिरवणारे नावाडीकाका शिडी धरायला आले होते. वडिलांचे जुने दोस्त.

"साहेबांनी सांगितलंय."

"साहेबांचं काय, उद्या म्हणतील तळं उचल आणि पलीकडे ठेव."

"फोटोत सोंड वर आहे, काका."

"फोटोत माझे केससुद्धा काळे आहेत."

एरवी ती हसली असती. तिने शिडी सरकवली.

"डबा घेऊन यायचीस बघ तू," काका म्हणाले. "आधी हत्तीशी हात मिळवायचा, मग बापाला डबा. बाप उपाशी राहिला तरी चालेल."

तिला आठवत होतं. फ्रॉक घालायची तेव्हाही सोंडेचं टोक तिच्या खांद्याशी यायचं, शाळेचा गणवेश आला तेव्हाही खांद्याशी, आणि आजही ते तिथेच होतं. त्यात नवल करण्यासारखं काही आहे, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

उद्यान अधीक्षक फोटो घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त समारंभाच्या काळजीने झोप लागत नव्हती.

"फांदी वळवून नाही का वर नेता येणार?" त्यांनी विचारलं.

"जून झालीय. वर्षाला चार बोटं वळते. जोर केला तर मोडते."

"मग तोडाच. तार उभी करून वेल चढवू. समारंभापर्यंत हिरवी दिसली म्हणजे झालं."

"बरं," ती म्हणाली.

सोंड गेली की वडिलांच्या हातचं बागेत काही उरणार नव्हतं. त्यांच्या आळसाचा दाखलाही उरणार नव्हता. यातल्या कशाचं वाईट वाटून घ्यावं ते तिला ठरवता येईना, आणि ठरवायची घाईही नव्हती. साहेब काचघराकडे वळले तशी ती खाली उतरली. करवत घालायला जागा हवी म्हणून तिने सोंडेखालची दाट पालवी कापून काढली.

आत, हत्तीच्या पुढच्या पायाला लागून, जमिनीत एक लोखंडी नळी रोवलेली होती. सोंड त्या नळीला बांधलेली होती. बाहेरून हे कधी दिसलंच नव्हतं.

सोंड धरून ठेवणारी गाठ खाकी कापडाची होती. माळीण म्हणून मिळालेला तिचा पहिला गणवेश फाटला, तेव्हा वडिलांनी तो मागून घेतला होता. खाकी गाठीखाली चार बोटांवर निळी गाठ, शाळेच्या स्कर्टची. या गाठीत आता काही बांधलेलं नव्हतं. तिच्याखाली आणखी एक निळी. मग ठिपक्यांची. ती गुडघ्यांवर बसली. गाठी खाली खाली जात होत्या, खाली जातील तशा विटत आणि मातकट होत. सगळ्यात खालची जमिनीपासून हातभर उंचीवर होती, पिवळ्या नायलॉनची. त्यावरचं बदक अजून ओळखू येत होतं. हा फ्रॉक अंगातून काढताना तिने म्हणे घर डोक्यावर घेतलं होतं.

"काय गं? काय झालं?" काकांनी विचारलं.

तिने पालवी बाजूला धरली. काका वाकले, त्यांनी आत पाहिलं, आणि मग तळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

तिचे डोळे कोरडेच होते. फक्त हात करवतीकडे जाईना. तो पिशवीत गेला आणि चौकडीची एक पट्टी घेऊन बाहेर आला. तिने खाकी गाठ सोडवली. सोंडेचा भार तळहातावर आला. वाटलं होतं त्याहून तो जास्त होता. कुठे कडकन वाजतं का ते ऐकत तिने सोंड हळूहळू चार बोटं वर घेतली आणि बांधली.

साहेब परत आले तेव्हा ती पालवी सारखी करत होती.

"अजून तोडली नाहीत?"

"तोडायला नको, साहेब. ती वरच चालली होती. मध्ये थांबली."

"का थांबली?"

"मी वाढायची थांबले म्हणून."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी नुसती मान हलवली.

"आणि आता?"

"यंदा एवढीच."

साहेबांनी खिशातला जुना फोटो बाहेर काढला, हत्तीपुढे धरला आणि परत ठेवून दिला.

"निदान कान तरी सारखे करा," ते म्हणाले आणि बँडस्टँडकडे गेले.

तिने कान सारखे केले. शिडी मिटली, कात्री पुसली, करवत पिशवीच्या तळाशी ठेवली. निघताना सवयीने तिने सोंडेकडे हात केला. खांद्याशी टोक नव्हतं. बधिर गाल जागा व्हायला लागला की आधी ठणकतो, तसं तिला आत कुठेतरी ठणकलं. तिने हात आणखी वर नेला.