रस्त्याकडचं मशीन

आमचे हे म्हणजे वाद घालण्यात पटाईत. मी हो म्हटलं की ह्यांचं नाही ठरलेलं. आमच्या शिवणकामाच्या दुकानात दोन मशिनं, ह्यांचं पुढे रस्त्याला लागून, माझं आतल्या खोलीत. दिवसभर पडद्याच्या आरपार आमची जुगलबंदी चालायची आणि गिऱ्हाइकांची फुकटात करमणूक व्हायची.

समोरच सिग्नल. बसगाड्या थांबतात आणि थेट दुकानात धूर ओकतात. पांढऱ्या कापडाची घडी दुपारपर्यंत कडेने काळी पडते. "आत या की हो," मी कितीदा म्हणायची. "मला रस्ता बघायला आवडतो," हे ठरलेलं उत्तर. बघा म्हटलं, डोळे भरून बघा!

ह्यांना साखर आहे, जुनीच. गोळ्या मी हातावर ठेवते, गोडाचे डबे लपवते. पण धुराचा आणि साखरेचा काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात येणार?

त्या दिवशी हवा इतकी वाईट होती की समोरची दुकानं धड दिसत नव्हती. ह्यांनी एका शर्टाला कॉलर लावली आणि शर्ट पडद्यातून आत दिला. चांगली सरळ होती, पण मी आपली खोडी काढली, "वाकडी लागलीय."

"असेल," हे म्हणाले. "तुझंच बरोबर."

हे आणि वाद न घालता कबूल? कात्री टाकून बाहेर धावले. चेहरा घामाने डबडबलेला, हात गारठलेले.

"छातीत दुखतंय का?"

"नाही गं. नुसता थकवा आलाय."

"थकवा गेला खड्ड्यात!" म्हणत मी ह्यांना मिळेल त्या गाडीत कोंबलं.

दवाखान्यात कळलं, हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. जुन्या साखरेने नसा बधिर होतात, म्हणून कधीकधी छाती दुखतच नाही. रक्तवाहिन्याही आधीच नाजूक झालेल्या असतात. त्यात धुरातले बारीक कण फुफ्फुसांतून रक्तात उतरतात आणि त्या आणखी सुजतात. "गोळ्यांइतकंच हवेलाही जपा," त्या म्हणाल्या. "ह्यांना रस्त्याकडेला बसवू नका."

घरी आल्याआल्या मी फर्मान काढलं, मशीन आत!

"नाही," हे म्हणाले.

ते ऐकून जिवात जीव आला आणि रागही आला. "रस्ता बघायची हौस अजून फिटली नाही का?"

"हौस कसली डोंबलाची! मी आत गेलो तर पुढे कोण बसणार? तूच ना? लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुला धुराने खोकताना बघितलं मी. रात्रभर झोपली नव्हतीस."

मला रडू कोसळलं. रडतरडतच भांडले. "मोठे शहाणे! मला न विचारता माझ्या वाटचा धूर गिळत बसलात? तुम्हाला काही झालं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं?"



शेजारच्या चांभाराने मशीन आत ढकलून दिलं आणि पुढचं दार लावून घेतलं. आता दोघं आतच बसतो, गुडघ्याला गुडघा लागतो. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक फिरकलंच नाही.

"पुढे कुणी दिसत नाही," हे कुरकुरले. "लोकांना वाटतं दुकान बंद आहे."

"वाटू दे. मला तुम्ही दिसताय, बास."

हे सुईत दोरा ओवायला गेले, पण तो काही केल्या जाईना.

"आधी डोळे पुसा," मी म्हटलं.