आधी खुर्चीतल्या माणसाला विचारा

मी एक जुनी खुर्ची आहे, न्हाव्याच्या दुकानातली. जुनी म्हटल्यावर लगेच हळहळू नका, मित्रांनो. माझा दांडा दाबून बघा, मी आजही भल्याभल्यांना वर उचलते.

कारखान्यात माझा लोखंडी पाय ओतला, वर लाल रेक्झिन ठोकलं आणि मालकांनी मला आरशासमोर पक्कं बसवलं. मालकांचा एक नियम होता. एखादा बाप पोराला घेऊन यायचा आणि हुकूम सोडायचा, एकदम बारीक करा. मालक बापाकडे बघायचेही नाहीत. पोराच्या गळ्याला कापड बांधून त्यालाच विचारायचे, "किती ठेवायचे?" बाप फुरफुरला की म्हणायचे, "डोकं त्याचं आहे साहेब. तुमची पाळी आली की तुमचं ऐकतो." या नियमापायी गिऱ्हाइकं तुटली. पण ज्या पोरांना विचारलं, ती मिशा फुटल्यावरही आमच्याकडेच आली.

पुढे गार हवेची दुकानं निघाली. माझं रेक्झिन फाटलं, त्यावर चिकटपट्ट्या आल्या. मालकांचा मुलगा मला भंगारात काढा म्हणाला. ते मला लागलं, खोटं कशाला बोलू?

मग मालकांची कंबर ठणकू लागली. तपासण्या झाल्या. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या ओटीपोटातली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिथला कॅन्सर हाडांत पसरला होता. समूळ जाणार नाही, पण दाबून ठेवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन घ्यायचंच होतं. त्याच्या जोडीला रोजच्या गोळ्या की केमो, एवढंच ठरवायचं होतं.

दुपारी दुकान बंद असताना मुलगा आणि मुलगी माझ्यासमोर भांडले. मुलाला केमो हवी होती. कमी केलं असं उद्या वाटायला नको, म्हणे. मुलीला गोळ्या हव्या होत्या, बाबांना केमो झेपणार नाही म्हणून. आणि बाबा? ते तिथेच केस झाडत होते! माणूस समोर जिवंत उभा आणि यांची चर्चा त्याच्या डोक्यावरून. मला असा संताप आला की स्क्रू उपटून निघावं.

मालकांनी झाडू ठेवला. माझ्यावर बसले आणि स्वतःच गळ्याला कापड बांधलं.

"मी बसलोय इथे. काय ठेवायचं ते मला विचारा."

"बाबा, ही काय कटिंग आहे का?" मुलगा म्हणाला.

"नाही ना. म्हणून तर विचारायचं."

मुलगी त्यांच्यासमोर खाली बसली. "काय ठेवायचंय, बाबा?"

मालकांनी हात पुढे केले. "ही बोटं. वस्तरा धरता आला पाहिजे. ते जमलं तर बाकीचं सोसेन."

पुढचं दवाखान्यात घडलं. मी तिथे नव्हते, पण न्हाव्याच्या दुकानापासून कुठली बातमी लपते? पोरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की वडील घरीच असतात. ते रोज वस्तरा चालवतात हे कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. केमोने बोटं बधिर होऊ शकतात, म्हणाल्या. यांच्यासाठी गोळ्यांचा रस्ता तितकाच चांगला, आणि केमो पुढे लागलीच तर हाताशी आहेच. मग पोरांना विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? काय सांगणार, कप्पाळ!

आता रक्तातला कॅन्सर दाखवणारा आकडा उतरलाय. कंबर ठणकत नाही. इंजेक्शनमुळे मध्येच अंगातून गरम वाफा निघतात, तेव्हा मालक पंख्याखाली उभे राहून म्हणतात, बायको चाळिशीनंतर का चिडायची ते आत्ता कळलं. दुपारी थकून माझ्यावरच डुलकी काढतात. आजार गेलेला नाही. पण वस्तरा थरथरत नाही, आणि आम्हा सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरलाय.

परवा मुलगा केस कापायला आला. मालकांनी विचारलं, "किती ठेवायचे?"

"तुम्हीच ठरवा, बाबा."

"अजून शिकला नाहीस," म्हणाले आणि कात्री हातात धरून थांबून राहिले. त्याने सांगेपर्यंत एक केस कापला नाही.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना औषध द्या, आधार द्या, पण आधी त्यांना विचारा. माझ्यासारख्या खुर्च्यांनाही विचारलं तर बिघडत नाही. मुलाने मला हौसेने नवं रेक्झिन घातलंय. हिरवं! मला लालच हवं होतं.