उताराची काजी

कोरगावच्या आनंदीबाईंनी वरच्या पट्टीतली पंधरा गावठी काजूची झाडं तोडली, ती कृष्णनाथच्या सांगण्यावरून. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. डिचोलीचा हा हुशार मुलगा पदवीच्या प्रबंधासाठी दोन हंगाम त्यांच्या डोंगरावर येत होता. वर पंधरा गावठी, खाली पंधरा कलमं, आणि प्रत्येक झाडामागे किती किलो बी, ते वहीत. हंगाम संपल्यावर दोन सरासऱ्या: गावठी चार किलो, कलमं सात. तीन किलोंचा फरक निव्वळ योगायोगाने पडेल का, याचं गणित त्याने मांडलं. कोष्टक म्हणालं, नाही. मार्गदर्शकांनी पाठ थोपटली, पहिला वर्ग मिळाला, आणि स्वारी हवेत तरंगू लागली.

पण या गणिताची एक अट असते. दोन्ही गट एकमेकांपासून अलग हवेत, एकाचं दुसऱ्यात मिसळता कामा नये. परीक्षेत ही अट त्याने घडाघडा लिहिली होती. आणि डोंगरावर?

डोंगर उताराचा. मोजणी चालू असतानाच एका सकाळी तो कलमाखाली टेकला होता, तर वरून एक बोंडू, बीसकट पिकलेलं काजूचं फळ, गडगडत आला आणि त्याच्या चपलेला लागून थांबला. मागून दुसरा. कृष्णनाथने वर पाहिलं. आनंदीबाईंची रीत होती, फळ जिथे सापडेल त्या झाडाचं. एकाच मालकिणीच्या घरात जाणाऱ्या बियांना ती रीत पुरत होती. त्याने दोन्ही बोंडू कलमांच्या टोपलीत टाकले. पुन्हा सगळं मोजायचं तर आणखी एक वर्ष गेलं असतं, आणि त्याला घाई होती. गाढवपणा म्हणावा तर तसंही नाही. त्याला कळलं होतं.

दोन वर्षांनी तो मुद्दाम कोरगावला गेला. वर पंधरा बुंधे होते. आनंदीबाई काठीच्या खिळ्याने बोंडू उचलत होत्या. वयाने आईएवढ्या, पण त्याला साहेबच म्हणत.

"यंदा कलमां चारच किलो दितत, सायबानू. माझाच कायतरी चुकला आसतला."

कृष्णनाथने मनातच वजाबाकी केली. चार! म्हणजे उरलेले तीन वरून येत होते. म्हणजे गावठी झाडंच सात किलो देत होती. गप्प बसून निघून जाणं सोपं होतं, बाई स्वतःलाच दोष देत होत्या. त्याला स्वतःची शिसारी आली.

"तुमचं काही चुकलं नाही, बाई. वरच्या झाडांची फळं गडगडत खाली येत होती. मी ती कलमांच्या नावावर लिहिली. मी बघितलं होतं, आणि बोललो नाही."

आनंदीबाईंनी काठी खाली ठेवली.

"म्हणजे ती दित होती?"

"होय. कलमांपेक्षा जास्त."

तो शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. आनंदीबाई चढण चढून वर गेल्या आणि एका बुंध्याजवळ बसल्या. त्याच्यावर हात ठेवून म्हणाल्या,

"लग्न होवन इलंय त्या वर्सा माझ्या हातान लायलेली ही. आणि कुराड घालताना मी त्यांका वांझ म्हटलंय."